बारा बैठकांची दाढी : जपानमधल्या पुरुषांच्या सलूनमधलं एक प्रकरण

टोक्योतला एकोणीस वर्षांचा कॉलेजचा मुलगा. मोबाइलवर ‘दाढी, पहिली वेळ ५०० येन’ अशी जाहिरात बघून इकेबुकुरो स्टेशनजवळच्या पुरुषांच्या एस्टे (सौंदर्योपचार) सलूनमध्ये जातो आणि दोन तासांनी ३,४८,००० येनच्या करारावर सही करून बाहेर पडतो. चार महिन्यांनी त्याला करार मोडायचा आहे. दाढी जवळजवळ होती तशीच, वर गळ्यावर चौकोनी डाग. सलूनने मांडलेला हिशेब आणि कायद्याने निघणारा हिशेब यांत ८९,००० येनचा फरक पडतो. मुलगा आणि सलून नमुन्यादाखल घेतले आहेत आणि किमती बेतशीर धरल्या आहेत. कायदे, मुदती आणि यंत्रांचं वागणं मात्र खरं आहे.

करारात काय होतं ते आधी बघू. पूर्ण दाढीच्या (वरचा ओठ, हनुवटी, हनुवटीखाली, गाल, गळा) १२ बैठका, प्रत्येकी २२,००० येन, म्हणजे २,६४,०००. चेहऱ्याची स्वच्छता, वाफ, रंध्रांतला मळ काढणं आणि पॅक अशा ६ बैठका, प्रत्येकी ९,००० येन, म्हणजे ५४,०००. घरी लावायच्या लोशनच्या दोन बाटल्या, प्रत्येकी १५,००० येन. सगळं मिळून ३,४८,०००. एवढे पैसे त्याच्याकडे नव्हतेच. सलूनमधल्याच टॅब्लेटवर कर्ज कंपनीचा अर्ज भरला गेला: महिना १६,५०० येनचे २४ हप्ते, एकूण ३,९६,०००. शिवाय अंग मोकळं करून घ्यायच्या दहा कुपनांची पुस्तिका ३८,००० येनला, रोखीने आणि वेगळ्या पावतीवर. ही वेगळी पावती लक्षात ठेवावी, तिची मेख पुढे येते.

१ एप्रिल २०२२ पर्यंत जपानमध्ये सज्ञान होण्याचं वय वीस होतं. एकोणीस वर्षांच्या मुलाने आईवडिलांच्या संमतीशिवाय केलेला असा करार ‘अज्ञान’, म्हणजे कायद्याने वयात न आलेला, या एका मुद्द्यावर रद्द करता येत असे. त्या दिवसापासून वय अठरा झालं आणि ही वाट बंद झाली. दाढीच्या जाहिराती नेमक्या कोणत्या वयाच्या मुलांच्या फोनवर दिसतात, ते बघितलं की या बदलाचं वजन कळतं.

बारा बैठका कशासाठी

विक्रेता सांगतो, केसांचं चक्र असतं, म्हणून वारंवार यावं लागतं. हे खरं, पण अर्धंच. कुठल्याही क्षणी दाढीचे सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात, आणि प्रकाशाचा परिणाम मुळाला जोडलेल्या, वाढत्या केसावरच होतो. उरलेली अर्धी गोष्ट कायद्यात आहे.

जपानच्या आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार लेसर किंवा तशाच तीव्र प्रकाशाने केसाच्या मुळाचा पॅपिला (केसाला पोसणारा भाग) नष्ट करणं ही वैद्यकीय कृती आहे. यंत्र वैद्यकीय म्हणून नोंदलेलं असो वा नसो, डॉक्टर नसलेल्याने ती व्यवसाय म्हणून केली तर डॉक्टरांच्या कायद्यातलं १७ वं कलम मोडतं. म्हणजे सलूनचं यंत्र कायद्यात राहायचं तर मूळ मारण्याइतकं तापता कामा नये. ते केसाला मरगळ आणतं, वाढ लांबवतं, केस बारीक करतं. काही महिन्यांनी केस परत येतो. ‘कायमचं’ हा शब्द सलूनला वापरता येत नाही तो याच कारणाने. दवाखान्यात ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अलेक्झांड्राइट, ८०० ते ८१० च्या आसपासचा डायोड किंवा १०६४ चा एनडी-याग लेसर डॉक्टरच्या देखरेखीखाली परिचारिका चालवते. तिथे मूळ मारायची परवानगी आहे. सलूनमध्ये असतो तो फिल्टर लावलेला, अनेक तरंगलांबींचा झगमगाट, आणि तोही सौम्य.

आता यात दाढी बसवून बघा. पुरुषाच्या अंगावरचे सर्वांत जाड, दाट आणि हट्टी केस हेच. हनुवटीवरची मुळं खोल असतात. शिवाय हे केस पुरुषी संप्रेरकांवर वाढतात, आणि एकोणिसाव्या वर्षी दाढी भरून झालेली नसते. विशीभर नवे केस जाड होत राहतात. सौम्य प्रकाश, सर्वांत हट्टी जागा आणि अजून पूर्ण न उगवलेली दाढी या तिन्हींची गाठ बारा बैठकांत सुटणार नव्हती. काखेसाठी किंवा पायांसाठी याच यंत्राने समाधान झालेले लोक भरपूर आहेत, त्यामुळे सगळ्या सलूनना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला पूर्ण दाढीचा ठरावीक बैठकांचा करार विकणं, यात विकणाऱ्यालाही शेवट माहीत असतो.

बैठकीत काय होतं, आणि गळ्यावर काय झालं

नीट चालवलेल्या बैठकीचा क्रम असा. आदल्या रात्री गिऱ्हाइकाने घरी इलेक्ट्रिक शेव्हरने दाढी करायची. सलूनचे कर्मचारी ती करून देत नाहीत, कारण चेहऱ्याची दाढी करणं हे जपानमध्ये १९४७ च्या कायद्याखाली परवाना घेतलेल्या केशकर्तनकाराचं काम आहे. राहिलेला पट्टा एक तर सोडून देतात किंवा तुमच्याच हाती शेव्हर देतात. चिमटा आणि वॅक्स महिनाभर आधीपासून बंद: केस मुळासकट उपटला की प्रकाशाला पकडायला काही उरत नाही. आल्यावर फॉर्म भरायचा: ऊन लागलं का, काल दारू घेतली का, कुठली औषधं चालू आहेत. मग डोळ्यांवर आच्छादन, थंड जेलचा जाड थर, तुकड्यातुकड्याने फ्लॅश, गार कापड आणि मॉइश्चरायझर. पूर्ण दाढीला पंधरा-वीस मिनिटं. त्या रात्री गरम पाण्याचं टब-स्नान, सॉना, व्यायाम आणि दारू वर्ज्य. पुढची बैठक दोन ते चार आठवड्यांनी.

चौथ्या बैठकीच्या आधी हा मुलगा आठवडाभर समुद्रकिनाऱ्यावरच्या टपरीत काम करून आला होता. फॉर्मवर ‘ऊन’ या खान्यात त्याने ‘थोडंसं’ असं लिहिलं. कर्मचाऱ्याने त्वचेचा रंग मोजला नाही, ताकद मागच्याच आकड्यावर ठेवली.

प्रकाश त्वचेत शिरताना केसाला भेटण्याआधी वरच्या थरातल्या मेलॅनिनला, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्याला, भेटतो. उन्हाने ते वाढलेलं असलं की उष्णता वरच अडकते. त्यातून गळा ही जागा अवघड. घाटीवर हँडपीसचं, म्हणजे यंत्राच्या हातात धरायच्या भागाचं, सपाट तोंड पूर्ण टेकत नाही. कडेला जेलचा थर पातळ होतो आणि वळणावर एक फ्लॅश दुसऱ्यावर चढतो. दुसऱ्या दिवशी गळ्यावर लालसर चट्टे दिसले, आकार हँडपीसच्या खिडकीचा: सरळ कडांचे आयत, दोन एकमेकांवर थोडे चढलेले. अंगावर उठणाऱ्या पुरळाला असे काटकोन नसतात, म्हणून असा डाग स्वतःच पुरावा असतो. लाली गेली आणि तिच्या जागी तपकिरी रंग उरला. तो जायला महिने लागतात. त्यात ऊन लागलं तर आणखी.

याची गल्लत दुसऱ्या एका गोष्टीशी होते. फ्लॅशनंतर काही दिवसांत केस आतून वर ढकलले जातात आणि दाढी आधीपेक्षा काळी, घाण दिसते. जपानी लोक त्याला चोरदाढी म्हणतात. एक-दोन आठवड्यांत ते केस गळतात, काही दिवस चेहरा साफ दिसतो आणि मग पुन्हा उगवतात. पहिल्या बैठकीनंतरचा हा साफ चेहरा बघून ‘काम झालं’ असं वाटतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ‘गालांचा कोर्स वाढवू या का’ असा मेसेज येतो.

डाग दिसताच करायच्या गोष्टी थोड्याच: त्याच दिवशी दिवसाउजेडी फोटो, शक्यतो मोजपट्टी ठेवून; सलूनला लेखी कळवणं; आणि सलूनच्या ‘ओळखीच्या’ नव्हे, आपल्या पसंतीच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन निदान आणि कारण कागदावर घेणं. ‘कुठल्याही इजेस सलून जबाबदार नाही’ असं कलम करारात असलं तरी घाबरायचं कारण नाही. जबाबदारी पूर्णपणे झटकणारी कलमं ग्राहक करार कायद्याच्या आठव्या कलमाने निरर्थक ठरतात. उपचाराचा खर्च हा करार मोडण्याच्या हिशेबापेक्षा वेगळा मागायचा. दोन्ही एकत्र केले की सलून ‘परतावा देतोय ना’ म्हणून इजेचं प्रकरण त्यातच मिटवतं.

सलूनचा हिशेब आणि कायद्याचा हिशेब

तोवर दाढीच्या ४ आणि चेहऱ्याच्या २ बैठका झाल्या होत्या. एक बाटली वापरात, दुसरी पेटीत तशीच. सलूनने कागद पुढे सरकवला: दाढीचा एकेका बैठकीचा दर ३८,०००, चार म्हणजे १,५२,०००, चेहऱ्याचा एकेरी दर १४,०००, दोन म्हणजे २८,०००, लोशन परत घेत नाही, ३०,०००, रद्द करण्याचं शुल्क २०,०००. एकूण २,३०,००० सलूनचे, १,१८,००० परत.

वरवर पाहता युक्तिवाद पटतो: बारा घेतलेत म्हणून सूट दिली, चारच वापरल्यात तर सूट कसली? पण ही वाट जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २००७ रोजी बंद केली. इंग्रजी शिकवणाऱ्या ‘नोव्हा’ या साखळीच्या प्रकरणात न्यायालयाने ठरवलं की कराराच्या वेळचा दर एक आणि मोडताना त्याहून चढा दर, असा हिशेब ग्राहकाला बाहेर पडण्यापासून अडवतो, म्हणून तो चालणार नाही. एस्टे आणि भाषावर्ग दोन्ही ‘विशिष्ट व्यापारी व्यवहार कायद्या’तल्या एकाच प्रकरणात येतात, त्यामुळे निकाल इथे तंतोतंत लागू पडतो.

त्या कायद्यानुसार महिन्याहून लांब आणि ५०,००० येनहून मोठा एस्टे करार कारण न देता कधीही मोडता येतो. सेवा सुरू झाली असेल तर सलून दोनच गोष्टी ठेवू शकतं: दिलेल्या सेवेची किंमत, आणि नुकसानभरपाई म्हणून २०,००० येन किंवा उरलेल्या रकमेचे दहा टक्के, यातलं जे कमी असेल ते. सेवा सुरूच झाली नसेल तर जास्तीत जास्त २०,००० येन.

आता मांडू. दाढी ४ × २२,००० = ८८,०००. चेहरा २ × ९,००० = १८,०००. दिलेली सेवा १,०६,०००. सेवेची मूळ रक्कम ३,१८,०००, म्हणजे उरले २,१२,०००. त्याचे दहा टक्के २१,२००. ते २०,००० पेक्षा जास्त, म्हणून २०,०००. वापरलेली बाटली १५,०००. न उघडलेली परत. सलूनचे १,४१,०००, परत मिळायचे २,०७,०००.

इथे एक गैरसमज हटकून होतो. २,०७,००० येन मुलाच्या हातात पडत नाहीत. पैसे कर्ज कंपनीने सलूनला आधीच दिलेले आहेत. परतावा सलूनकडून तिकडे जातो आणि मुलाचं खातं तिथे मिटतं. त्याने चार हप्ते, म्हणजे ६६,००० येन भरले आहेत. त्यामुळे साधारण ७५,००० येन आणि तोवरच्या व्याजाचा वाटा त्याला अजून द्यायचाच आहे. सलूनच्या हिशेबाने हाच आकडा १,६४,००० झाला असता. घरच्यांना सांगताना हे आधीच सांगावं, नाहीतर ‘करार तर मोडला, मग हप्ता कसला?’ यावरून नवं भांडण लागतं. आणि बँक खात्यातून जाणारे हप्ते रागाच्या भरात परस्पर थांबवू नयेत. कर्ज कंपनीला लेखी कळवल्याशिवाय थांबवले तर ती थकबाकी म्हणून नोंदली जाते.

कागदावर काय बघायचं

करार मोडणं हा उशिराचा उपाय. त्याआधी आठ दिवसांचं कूलिंग ऑफ असतं: एक येनही न देता माघार. दिवस मोजताना कराराचा कागद हातात पडला तो दिवस पहिला. तीन तारखेला मिळाला तर दहा तारखेपर्यंत. पत्र त्या दिवशी टपालात पडलं की पुरे, पोचायलाच हवं असं नाही. पोस्टकार्ड चालतं, दोन्ही बाजूंची झेरॉक्स ठेवून नोंद राहील अशा टपालाने पाठवायचं, एक सलूनला आणि एक कर्ज कंपनीला. १ जून २०२२ पासून ईमेलही चालतो. पाठवल्याची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवावा.

कूलिंग ऑफची सूचना करारावर लाल चौकटीत, लाल अक्षरात आणि आठ पॉइंटपेक्षा लहान नसलेल्या टायपात छापलेली असावीच लागते. ती नसेल किंवा कागदात आवश्यक तपशील गाळलेले असतील तर आठ दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही, आणि चार महिन्यांनीही माघार घेता येऊ शकते. म्हणून अशा प्रकरणात पहिलं काम हिशेब करणं नव्हे, मूळ कागद उलटून बघणं. लोशनच्या ओळीवर विशेष नजर हवी. ती ‘संबंधित वस्तू’ म्हणून लिहिली असेल तर करारासोबत तीही सुटते. ‘शिफारस केलेली वस्तू’ असं लिहिलं असेल तर सलून तिला स्वतंत्र खरेदी म्हणतं. मात्र हेच लोशन घेतल्याशिवाय कोर्स होणार नाही असं सांगितलं गेलं असेल, तर नाव काहीही दिलं तरी ती संबंधित वस्तूच. पेटी सलूनमध्येच फोडून ‘लावून बघा’ म्हणण्याची पद्धतही ओळखून ठेवावी: वापरलेलं सौंदर्यप्रसाधन कूलिंग ऑफमधून वगळता येतं, पण विक्रेत्यानेच वापरायला लावलं असेल तर ही पळवाट त्याला मिळत नाही.

‘कायमची दाढी जाईल’ असं तोंडी सांगितलं असेल तर तिसराही रस्ता आहे: खोटी माहिती देऊन घेतलेला करार म्हणून तो मुळातूनच रद्द करणं. मुदत सत्य कळल्यापासून एक वर्ष, कराराच्या तारखेपासून पाच वर्षं. पण ते सिद्ध करावं लागतं. ‘लाइन’ या मेसेजिंग अ‍ॅपवरचा मेसेज किंवा जाहिरातीचा स्क्रीनशॉट असेल तरच या वाटेला जावं. नुसत्या आठवणीच्या बळावर गेलं तर चार महिने वाद घालून शेवटी वरच्याच हिशेबावर यावं लागतं.

‘हवं तितक्यांदा या’ अशा योजनेत गोम आणखी खोल असते. करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पैसे पहिल्या पाच बैठकांचेच, पुढच्या सगळ्या फुकट. सहाव्या बैठकीनंतर मोडायला गेलात तर उरलेली रक्कम शून्य, परतावाही शून्य. ‘अमर्याद’ दिसलं की पैशाच्या बैठका किती आणि किती महिन्यांत, हे दोन आकडे लाल पेनाने गोल करून घ्यावेत.

आणि सलूनच बुडालं तर? ही भीती पोकळ नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गिंझा कालर ही केस काढणाऱ्या सलूनची मोठी साखळी दिवाळखोरीत गेली, डिसेंबर २०२४ मध्ये आलिशिया क्लिनिक. आगाऊ पैशांवर नवी दुकानं उघडण्याचा धंदा नवी गिऱ्हाइकं थांबली की बसतो. या मुलाच्या हप्त्यांसारख्या कर्जात, म्हणजे रक्कम ४०,००० येन किंवा त्याहून जास्त आणि फेड दोन महिन्यांहून लांब असेल तर, मिळालेल्या सेवेपलीकडचे हप्ते रोखण्याचा हक्क हप्तेविक्री कायदा देतो. रोखीने भरणारा मात्र धनकोंच्या रांगेत शेवटी उभा राहतो. एकरकमी सूट मिळते म्हणून रोख भरणाऱ्यांनी हे तोलून बघावं. शिवाय ५०,००० येनहून जास्त आगाऊ घेणाऱ्या सलूनचा ताळेबंद बघायला मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. फारसं कुणी मागत नाही, पण मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेवढंही पुष्कळ सांगून जातं.

त्या ३८,००० च्या पुस्तिकेचं काय

आता ती वेगळी पावती. अंग मोकळं करून देणारी दुकानं ‘मसाज’ हा शब्द जपून टाळतात, कारण मसाज आणि शिआत्सूला तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा लागते. शरीराला अपाय होणार नाही अशी दाबादाबी ‘मोमिहोगुशी’, ‘बॉडी केअर’ अशा नावांनी चालते. पण कायद्याच्या व्याख्येत एस्टे म्हणजे त्वचा स्वच्छ किंवा सुंदर करणं, बांधा सुधारणं, वजन घटवणं. खांदे सैल करून देणं त्यात बसत नाही. म्हणून दाढीच्या कराराला मिळणारं आठ दिवसांचं आणि दहा टक्क्यांचं कवच या पुस्तिकेला नाही. तिला दुकानाची स्वतःची परताव्याची अट लागू, फार तर ग्राहक करार कायद्याचा आधार. दुकानांना सहा महिन्यांची मुदत आवडते, त्यालाही कारण आहे: तेवढ्याच काळात वापरायच्या आगाऊ कुपनांना त्यासंबंधीच्या कायद्याची बंधनं लागत नाहीत. मुलाने तीन कुपनं वापरली होती. उरलेली सात वापरून टाकणं हाच त्यातला शहाणपणा. दोन्ही एकाच करारात, एकमेकांवर अवलंबून विकलेली असती तर वाद घालायला जागा होती. वेगळ्या पावतीने तीच जागा काढून घेतली.

‘मेन्स एस्टे’ असा शोध घेतला की इमारतींच्या फ्लॅटमध्ये चालणारी, तेलाच्या मालिशीची, पत्ता फोनवरच सांगणारी ठिकाणंही येतात. तो धंदा वेगळा आहे, त्यातली काही ठिकाणं परवान्याशिवाय लैंगिक सेवा दिल्याबद्दल पोलीस कारवाईत सापडतात. पत्ता उघड नसेल, किंमतपत्रक नसेल तर तिथे दाढीचं काम नसतं.

टोक्योच्या एदोगावा भागातल्या निशीकासाईत आणि आसपास आपले बरेच लोक राहतात, त्यात आयटीतले मराठी तरुणही आहेत. त्यांच्यासाठी या प्रकरणातला गळ्याचा भाग जास्त महत्त्वाचा. जपानी त्वचेवर बेतलेली ताकद आपल्या सावळ्या त्वचेवर, ऊन न लागताही, त्या मुलाच्या उन्हाने रापलेल्या गळ्यासारखीच वागू शकते. काही सलून रंगाचा तक्ता धरून नकार देतात. तो अपमान समजू नये, ते सलून नीट चालवलेलं आहे. नकार न देणाऱ्या ठिकाणी रंग मोजतात का ते बघावं. दवाखान्यात गेलात तर १०६४ चा याग आहे का हे विचारावं, कारण त्याचा प्रकाश वरच्या थरातल्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो आणि खोल जातो. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर दोन-तीन फ्लॅशची चाचणी मागावी. काळसरपणा लगेच दिसत नाही, म्हणून निकाल त्याच संध्याकाळी न ठरवता दोन आठवडे थांबून दिवसाउजेडी बघावा, आणि करार त्यानंतर. सही आधीच झाली असेल आणि जपानीत भांडणं जमत नसेल, तर १८८ या क्रमांकावर फोन लावला की जवळच्या ग्राहक केंद्राशी जोडून देतात. तिथे जाताना करार, हप्त्यांचा कागद, हजेरीचं कार्ड आणि उरलेलं लोशन पेटीसकट घेऊन जावं.